सूर, पावलं आणि सुजलेले ओठ : ड्रम कोरबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतल्या ड्रम कोरबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांची रांगच लागली. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलचं मैदान, त्यावर दीडशेच्या आसपास पोरंपोरी, त्यातल्या निम्म्यांच्या हातात पितळी वाद्यं, बाकीचे ड्रमवाले आणि झेंडे आणि खोट्या रायफली फिरवणारे, आणि दहा-बारा मिनिटांचा शो, सगळा तोंडपाठ, बराचसा धावत धावत. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी यांना प्रवेश नाही. ड्रम कोर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही संस्था १९७१ ची, पहिली चॅम्पियनशिप १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली, आणि आता फायनल इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. लेक १७ वर्षांची, हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन वाजवते. आता तिला ड्रम कोरची ऑडिशन द्यायचीय. हे म्हणतात अभ्यास बुडेल, सासूबाई म्हणतात मुलीच्या जातीने महिनोन्‌महिने बसमधून काय फिरायचं, आणि मला खरी काळजी जेवणाची, कारण ती अंडंसुद्धा खात नाही. काय करू? (एक आई)

उत्तर : ताई, आधी अभ्यासाचं बघू, कारण तिथे तुमच्या मिस्टरांचा अंदाज थोडा चुकतोय. कोरचा मुख्य हंगाम उन्हाळी सुट्टीतला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरपासून ऑडिशन आणि मग अधूनमधून वीकेंडचे कॅम्प, मे महिन्यात सगळे एकत्र राहून सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत तालीम, आणि जूनअखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टूर. शाळेचा अभ्यास फारसा बुडत नाही. पण कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हीच सुट्टी इंटर्नशिपला लागते, तेव्हा खरी ओढाताण होते. वयाची मर्यादा २१ आहे, त्यामुळे हातात वर्षं आहेत हे खरं, पण मला विचाराल तर जायचंच असेल तर लवकर गेलेलं बरं.

आता न आवडणाऱ्या गोष्टी. शो रात्री संपतो, मग पोरं बसमध्ये झोपतात, पहाटे कुठल्या तरी गावच्या शाळेत पोचतात, जिमच्या लाकडी फरशीवर हवेची गादी फुगवून उरलेली झोप काढतात, आणि उठून परत उन्हात तालीम. प्रत्येकाजवळ पाण्याचा गॅलनभर मोठा जग असतो, तो शोभेला नाही, तो दिवसभरात रिकामा व्हायलाच लागतो. फी काही हजार डॉलर असते, वर प्रवास, बूट वगैरे. मोठ्या कोरची चार-पाच हजारांच्या पुढे सहज जाते. बरेच कोर हप्ते देतात, काही मदतही करतात, पण हे ऑडिशनच्या आधी विचारा, निवड झाल्यावर नाही, कारण तेव्हा लेक आनंदात असते आणि आईबापाला नाही म्हणता येत नाही.

जेवणाचं म्हणाल तर मोठ्या कोरबरोबर स्वयंपाकाचा ट्रेलर फिरतो, दिवसाला सहसा चार जेवणं. शाकाहारी पोरं तिथे नवीन नाहीत, फॉर्ममध्ये तसं स्पष्ट लिहा, 'अंडंही नाही' हेही लिहा, कारण तिकडे शाकाहारी म्हटलं की अंडं आणि चीज धरूनच चालतात. आणि ही गंमत ऐका, तो ट्रेलर बहुतेक ठिकाणी पालक आणि स्वयंसेवक चालवतात. आठवडाभर सुट्टी काढून तुम्हीच गेलात तर सासूबाईंचा प्रश्न अर्धा सुटेल आणि पोरांना एखाद दिवस राजमा-भात मिळेल.

सुरक्षेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका, सासूबाई बरोबर बोलतायत, फक्त मुलगा असता तरी तेच विचारायला हवं होतं. स्टाफची पार्श्वभूमी तपासतात का, झोपायच्या जागी रात्री कोण असतं, उन्हाचा त्रास झाला तर बघणारं माणूस सोबत आहे का, तक्रार करायची तर कोरच्या बाहेर कुणाकडे करायची. या प्रश्नांची सरळ उत्तरं न देणाऱ्या कोरमध्ये पोरीला पाठवू नका, मग तो कितीही ट्रॉफ्या जिंकलेला असो.

आणि पहिल्या वर्षी निवड झाली नाही तर घरात सुतक नको. अनेकांची होत नाही. ऑडिशनमधून बहुतेकदा काय सुधारायचं ते कळतं, ते ऐकायलाच कित्येक पोरं जातात. डीसीआयमध्ये ओपन क्लास म्हणून दुसरा गटही आहे, तिथले कोर सहसा लहान, टूर छोटी, सुरुवातीला ते उत्तम.

प्रश्न : मेलोफोन म्हणजे काय हो? व्हिडिओत मोठ्या तोंडाचा ट्रंपेट दिसतो तोच का? (ठाणे)

उत्तर : तोच. ऑर्केस्ट्रात फ्रेंच हॉर्न असतो त्याचं तोंड मागे वळलेलं, मैदानावर त्याचा आवाज वाजवणाऱ्याच्या पाठीमागे जाणार, प्रेक्षकांना काय कप्पाळ ऐकू येणार. म्हणून तो मधला सूर भरायला समोर तोंड असलेला मेलोफोन. त्याच्या खाली बॅरिटोन आणि युफोनियम, आणि सगळ्यात खाली काँट्रा, म्हणजे खांद्यावर आडवा घेतलेला ट्युबा, जो घेऊन पळणाऱ्या पोरांबद्दल मला अतोनात आदर आहे. १९९९ पर्यंत सगळ्यांना जी सुरातले ब्यूगलच वापरावे लागायचे, २००० पासून इतर सुरांतली वाद्यं चालू झाली.

प्रश्न : दादा, मी नाशिकला कॉलेजात आहे, एनसीसीच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. डीसीआयचे व्हिडिओ बघून रोज दोन-दोन तास सलग वाजवायला लागलो, तर वरचे सूर यायचे सोडून आहेत तेही जायला लागले, ओठ सुजतात, संध्याकाळी नुसती हवा निघते. त्यात फ्लॅटमध्ये राहतो, शेजारचे काका दार वाजवतात. अमेरिकेला जायचं नाहीये, पण तसं वाजवायचंय.

उत्तर : मित्रा, दोन तास सलग हाच घोळ आहे. ओठ हा स्नायू आहे, आणि दमलेल्या ओठाने वरचा सूर काढायचा म्हटलं की माणूस नकळत डाव्या हाताने माउथपीस तोंडावर दाबतो, दाबला की रक्त पोचत नाही, ओठ थरथरायचा थांबतो, म्हणून आणखी दाबतो. वाजवून झाल्यावर आरशात बघ, ओठावर गोल लाल वळ उठलेला असेल आणि पंधरा-वीस मिनिटांनीही जात नसेल तर तू दाबतोयस. जितका वेळ वाजवलं तितका वेळ वाद्य खाली. वीस मिनिटं वाजव, वीस मिनिटं सोड, दिवसातून तीनदा कर. मधल्या वेळात बोटं फिरव, नोटेशन वाच, सूर तोंडाने गा, ओठ सोडून बाकी सगळ्याचा सराव होतो. आणि सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही किंवा ओठ दुखायला लागला तर वाद्य बंद आणि डॉक्टर.

सकाळची सुरुवात लांब सुरांनी. आपल्याकडे गवई पहाटे खर्ज लावून बसतो ना, तेच काम आहे हे, दमसास आणि आवाजाचा पोत. नोटेशनच्या दुसऱ्या रेघेवरचा जी घे, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, चार ठोके श्वास आत, आठ ठोके सूर, मधल्या आवाजात, ट्यूनर ॲपचा काटा हलता कामा नये. श्वास घेताना खांदे वर जात असतील तर चुकलं, पोट आणि बरगड्या बाजूला पसरल्या पाहिजेत. मग जीवरून एकेक सूर खाली उतर. वर नाही, खाली. कंटाळा येईल, येऊ दे.

मग लिप स्लर. कळ न दाबता जी, वरचा सी, परत जी, जिभेचा टोला न मारता, नुसता हवेचा वेग आणि जिभेची उंची बदलून ('आ'वरून 'ई'कडे). जमलं की तेच दुसरी कळ दाबून, मग पहिली, मग पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी आणि शेवटी तिन्ही, म्हणजे दर वेळी अर्धा सूर खाली. शेवटच्या दोन जोड्या मुळातच चढ्या वाजतात, तिथे तिसऱ्या कळीची स्लाइड (सरकणारी नळी) डाव्या हाताच्या बोटाने बाहेर ढकलायची असते. किती तरी जण वर्षानुवर्षं वाजवतात आणि त्या स्लाइडच्या रिंगमध्ये बोट नुसतं अडकवून ठेवतात.

आता चालणं. गच्चीवर खडूने १५ फुटांवर दोन रेघा मार, त्यात बरोब्बर आठ पावलं बसव. एक पाऊल साडेबावीस इंचांचं झालं, अमेरिकेत मैदानावर पाच यार्डांत आठ पावलं टाकतात तेच माप. टाच आधी, पंजा वर उचललेला, आणि पाऊल हळूहळू पुढे लोळवत न्यायचं, टाच आपटली की धक्का गुडघ्यातून छातीत आणि छातीतून सुरात जातो. मागे जाताना उलटं, टाच उचलून पंजांवर. आधी वाद्याशिवाय, मग वाद्य धरून न वाजवता, मग एकच लांब सूर घेऊन. पावलागणिक सूर डुगडुगला तर वेग कमी कर. हा एवढा भाग नीट झाला तरी परेडला तुझ्या बँडमास्तरांना फरक कळेल.

शेजारच्या काकांसाठी प्रॅक्टिस म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवायचा, आवाज दाबणारा बूच) मिळतो, पण तो लावून दिवसभर वाजवू नकोस, हवा अडते आणि जोर लावायची सवय लागते. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेलं कपाट उघड आणि त्यात तोंड करून वाजव, कपडे आवाज पितात. आणि काकांना एकदा वेळ विचारून ये. संध्याकाळी सहा ते साडेसहा असं ठरलेलं असलं की बहुतेक लोक ऐकून घेतात.

वरच्या सुरांचं मी मुद्दाम काही सांगितलं नाही. आठवड्याला अर्धा सूर चढवायचा असले बेत करू नकोस, मधला पट्टा भरला की वरचे आपसूक सुटायला लागतात.

प्रश्न : पुण्यात ढोल पथकात आहे. आमची मागची रांग नेहमी मागे पडते, ताशावाले ओरडतात. हे डीसीआयवाले अख्ख्या मैदानभर पांगून एका ठोक्यावर कसे वाजतात?

उत्तर : झकास प्रश्न! मागच्या रांगेची बाजू घेतो आधी, त्यांची चूक असेलच असं नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फुटबॉलचं मैदान एका गोल लाइनपासून दुसरीपर्यंत ९१ मीटर, म्हणजे एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पाव सेकंदाहून उशिरा पोचतो, आणि लय मिनिटाला १८० ठोक्यांची असली तर तेवढ्यात पाऊण ठोका होऊन जातो. कानाला जे ऐकू येतं त्यावर सगळे वाजवायला लागले तर नुसती खिचडी होईल.

म्हणून ते असं करतात. ड्रमवाले सहसा मागच्या बाजूला असतात, ड्रम मेजर, म्हणजे हाताने ताल दाखवणारा, समोर उंच स्टँडवर, आणि तो बऱ्याचदा कानाने नाही तर डोळ्याने, मधल्या स्नेअर ड्रमवाल्याची पावलं बघून हात चालवतो. पावलं प्रकाशाच्या वेगाने दिसतात, तिथे उशीर नाही. ज्यांच्या मागे ड्रम आहेत ते मागे ऐकून वाजवतात. अगदी पुढे मरिंबा-व्हायब्राफोनवाले (काठ्यांनी वाजवायची, पट्ट्यांची मोठी वाद्यं) असतात, ते तर ड्रम मेजरचा हात न बघता मागचाच आवाज धरतात, म्हणजे मागून आलेला आवाज जेव्हा त्यांच्याजवळ पोचतो त्याच क्षणी त्यांचा आवाज त्यात मिसळतो आणि दोन्ही मिळून प्रेक्षकांत जातात. ड्रमच्या पुढे नसलेले, लांब कडेला असलेले, ते मात्र कान बंद करून हात बघतात. कुणी कधी ऐकायचं आणि कधी बघायचं हे तालमीत जागेगणिक ठरवून देतात.

आता तुमचं. ताशा सगळ्यात पुढे असेल आणि शेवटचा ढोल तीस मीटर मागे, तर ताशा त्याच्यापर्यंत उशिरा जातो आणि त्याचा ढोल पुढे परत येताना तेवढाच उशीर पुन्हा, म्हणजे ताशावाल्याला तो दुप्पट मागे ऐकू येतो. तो ओरडणारच. काही ताशे मध्यावर घ्या, लांबी दोन्हीकडे अर्धी होईल. शेवटच्या दोन रांगांनी पथकप्रमुखाचा हात किंवा ध्वजाचा इशारा बघून वाजवायचं, ऐकून नाही. लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज उलटून येतो तिथे तर नक्कीच. आणि भांडण्याआधी सरावाचं रेकॉर्डिंग पुढून, मधून, मागून असं तीन फोनवर करून ऐका.

प्रश्न : ९८.१२५ असे मार्क देतात म्हणे. कलेला तिसऱ्या दशांशापर्यंत मार्क? हे जरा अतीच नाही का? (डोंबिवली)

उत्तर : अती वाटतं खरं, पण तुम्ही नेमका जो आकडा लिहिलात त्याची गोष्ट अशी की २००८ च्या फायनलला फँटम रेजिमेंट या कोरला तेवढेच होते आणि ब्लू डेव्हिल्स या कोरला ९८.१००. पाव दशांशावर विजेतेपद! हा आकडा कुणी एक माणूस ठरवत नाही. १०० पैकी ४० जनरल इफेक्टला (शोच्या एकूण परिणामाला), ३० संगीताला, ३० व्हिज्युअलला (जे दिसतं त्याला), प्रत्येक भागाचे वेगळे परीक्षक, त्यांच्या मार्कांची सरासरी-बेरीज करताना दशांश येतात. १९८३ पर्यंत उलटी पद्धत होती, चूक दिसली की परीक्षक एक दशांश कापायचा, पाय चुकला, काप. त्यामुळे सगळे सांभाळून खेळायचे. १९८४ पासून मार्क द्यायला लागले आणि शो बेधडक व्हायला लागले, अवघड होत गेले. ब्लू डेव्हिल्सने २०१४ ला ९९.६५ घेतले, तो विक्रम आहे.

माझी तक्रार दशांशाबद्दल नाहीच. २००४ पासून माइक आणि २००९ पासून सिंथेसायझर चालायला लागले, आणि आता कधी कधी ऐंशी पितळी वाद्यांच्या खाली सबवूफर असा घुमतो की खाली काँट्रावाले काय वाजवतायत ते कळत नाही. जुने लोक यावर तावातावाने भांडतात, मी त्यांच्या बाजूने.

प्रश्न : ट्रंपेटची मधली कळ अडकते. घरात खोबरेल तेल आहे, चालेल का?

उत्तर : अजिबात नको! थंडीत गोठेल आणि मग तिन्ही अडकतील. व्हॉल्व ऑइलची छोटी बाटली वाद्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, ती आणा. आधी वाद्य कोमट पाण्यात (कडक नाही, लॅकर म्हणजे वरचा चकाकता लेप निघतो) सौम्य साबणाने धुवा, नळीतून लवचिक ब्रश फिरवा, जे काही हिरवट-काळं निघेल ते बघून पोटात ढवळलं तरी चालू ठेवा. व्हॉल्व मऊ कापडाने पुसा, तीन-चार थेंब तेल, आणि परत बसवताना त्यावर कोरलेला १, २, ३ नंबर बघा, अदलाबदल झाली तर हवाच जाणार नाही आणि वाद्य बिघडलं म्हणून दुकानात धावाल. तरीही मधली अडकत असेल तर नळकांड्याला पोचा आलाय का ते बघा, तो असला तर कारागिराकडेच न्या, घरी ठोकाठोकी नको.