वाच की मोठ्यानं

पत्र :

मावशी, नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात आयटीत आहे, वय ३६. घरात आम्ही तेलुगू, वडील टॉवेलच्या कारखान्यात लूमवर होते, आई विड्या वळायची. २००५ ला दहावीत ८७ टक्के पडले, आईच्या विडी कार्डावर (विडी कामगाराच्या ओळखपत्रावर) स्कॉलरशिप मिळाली, शिक्षणानंच मला वर काढलं. आता समाजाचं ऋण फेडायचंय. अशोक चौकाच्या बाजूला कै. वडिलांच्या नावानं अभ्यासिका काढायची म्हणतोय, पन्नास खुर्च्या, एसी, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. साडेचार लाख बाजूला काढलेत. बायको म्हणते आधी फ्लॅटचा हप्ता बघा. आई म्हणते बाबांचं नाव होईल, कर. डॉ. कोटणीसांच्या गावचा माणूस मी, नुसतं स्वतःपुरतं जगायचं का? रात्र रात्र झोप लागत नाही. जाता जाता एक, मला अजून मोठ्यानं वाचायची सवय आहे, ऑफिसात मेल पण पुटपुटत वाचतो, सगळे हसतात, बायको पण हसते. लहानपणी अक्का विड्या वळताना म्हणायची वाच की मोठ्यानं, तेव्हापासून लागलंय. अक्का सातवीपर्यंतच शिकली, मी तिसरीत असताना तिला घरी बसवलं, आता सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर वसाहतीत असते. तर बायकोचं बरोबर की आईचं, तुम्ही सांगा.
– समाजाचा ऋणी, पुणे

उत्तर :

बाळा, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

वर छापलंय ते तुझ्या पत्राच्या निम्मं पण नाही. खुर्च्या कुठल्या घ्यायच्या, एसी किती टनाचा, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, पाटीवर बाबांचं नाव केवढ्या अक्षरात, सगळं सगळं लिहिलंयस तू. आणि अक्काला दोन-तीन ओळी, त्या पण जाता जाता. मी तिथंच थांबले ती थांबलेच, पुढचं पत्र मला दुसऱ्या दिवशी वाचावं लागलं. त्यामुळं बायकोचं बरोबर की आईचं ह्यात मी पडणारच नाही, तो प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे.

विडी वळणारी बाई तू माझ्यापेक्षा जास्त जवळनं बघितलीयस. मांडीवर सूप, भिजवलेलं पान, कात्रीनं एका मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं, की लगेच पुढची. दिवसाला हजार भरायच्या असतात. डोळे सुपातनं वर काढता येत नाहीत, हात थांबवता येत नाही, मान आखडून जाते. मग मोकळं काय उरतं रे अंगात? कान. तेवढे कान तिनं तुझ्याकडं लावले होते.

वाच की मोठ्यानं, हे तुझ्यासाठी नव्हतं. तुझा अभ्यास मनातल्या मनात पण झाला असता, अजून चांगला झाला असता कदाचित. ती शाळेत बसली होती. तू तिसरीत असताना तिला घरी बसवलं, आणि तू चौथी, पाचवी करत तिच्या सातवीपर्यंत पोचलास तोपर्यंत तिला सगळं माहितीचं होतं, तुझ्या चुका ती सूप न हलवता काढत असणार, आठव बरं. खरी मजा त्याच्यापुढं. आठवीचं पुस्तक तिनं हातात धरून कधी उघडलं नाही, पण इतिहास, भूगोल, विज्ञान, कवितासुद्धा तिनं तुझ्या तोंडून ऐकल्या, आणि ते पण मराठीत, जी तुमच्या घरातली भाषा नव्हती. असं तीन वर्षं, दहावीपर्यंत. २००५ ला त्या घरात दहावीचा अभ्यास केलेली माणसं दोन होती बाळा. मार्कलिस्ट एक आली.

आणि तू हे तुझी एक वाईट सवय म्हणून लिहिलंस. ऑफिसातले हसतात म्हणून.

आता ती स्कॉलरशिप. आईच्या विडी कार्डावर मिळाली असं अभिमानानं लिहिलंयस, अभिमान असावाच, विडी कामगारांच्या पोरांसाठी केंद्र सरकारची ती योजना आहे, आज नववी-दहावीला वर्षाला २००० रुपये, अकरावी-बारावीला ३०००, आणि इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या कोर्सला २५००० मिळतात. पण कार्ड कुणाचं होतं? आईचं. कारखान्याच्या पुस्तकात रोजच्या विड्या कुणाच्या नावावर पडत होत्या? आईच्या. त्यातल्या किती अक्काच्या बोटातनं निघाल्या हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. विडीच्या घरातनं ह्या सोलापुरात असंच चालत आलंय, आई कामगार, पोरगी 'मदतीला'. मदतीला पगार नसतो, पीएफ नसतो, कार्ड पण नसतं. तुझ्या शिक्षणाला समाजानं पैसा दिला असं तू म्हणतोस. समाजानं थोडा दिला. बाकीचा एका तेरा वर्षांच्या पोरीनं दिला, तिला न विचारता तो घेतला गेला, आणि तू तिला पत्रात तीन ओळी दिल्यास.

मला ह्याचा राग आला, तो लपवत नाही.

पन्नास अनोळखी पोरांसाठी खुर्च्या टाकणं सोपं असतं रे. ती पोरं तुला सर म्हणतील, फोटो काढतील, त्यांना तुझं मागचं काही माहिती नाही. अक्कासमोर बसायचं म्हणजे अवघड आहे, तिला सगळं माहिती आहे. झोप लागत नाही म्हणतोस ना, मला वाटतं तुला पण माहिती आहे, नाहीतर त्या ओळी पत्रात आल्याच नसत्या.

मी इथंच एका रात्रशाळेत बरीच वर्षं शिकवलंय. एकदा एका बाईबरोबर तिच्या जुन्या शाळेत गेले होते, शाळा सोडल्याचा दाखला काढायला. बाई एकोणचाळीसची, मशीनवर टॉवेलला शिलाई मारायची. खिडकीतनं क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "मुलीचा का?" ती "माझा" म्हणाली, इतकं हळू की त्यानं परत विचारलं. मग जुनं जनरल रजिस्टर निघालं, धूळ झटकली, तिचं माहेरचं नाव, जन्मतारीख, आणि शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात दोनच शब्द, सतत गैरहजर. ती बराच वेळ त्या शब्दांवर बोट ठेवून उभी होती. मग मला म्हणाली, गैरहजर नव्हते की ओ बाई, घरी होते, कामात होते. बसस्टॉपपर्यंत परत परत तेच म्हणत होती. मी त्या दिवशी तिला काय उत्तर दिलं मला आठवत नाही, काही दिलं नसेल.

अक्काचं नाव पण अशाच एका रजिस्टरात आहे. १९९८ च्या आसपास तिला घरी बसवलं तेव्हा बोलवायला कुणी सर दारात आले असतील असं मला वाटत नाही, ६ ते १४ वयाच्या प्रत्येक पोराला शाळेत आणायची जबाबदारी सरकारवर टाकणारा कायदा झाला २००९ ला, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. तोवर तिचं लग्न होऊन तिच्या मांडीवर स्वतःचं सूप आलेलं.

आता काय करायचं ते सांगते, एकच सांगते. ह्या रविवारी कुंभारीला जा. एकटा जा. साडी नको, मिठाईचा बॉक्स नको, पाकीट तर अजिबात नको, पाकीट पुढं केलंस की हिशोब मिटवायला आलाय हे तिला दारातच कळेल. दहावीचं मराठीचं पुस्तक घेऊन जा, नवीन अभ्यासक्रमाचं. ती वळत असेल तर उठवू नकोस, शेजारी जमिनीवर बस आणि पहिला धडा मोठ्यानं वाच. संपला की विचार, "अक्का, दहावीला बसायचंय का तुला?" एवढंच. पुढं लेक्चर नको, आणि उत्तराची घाई पण नको.

तू म्हणशील मावशी, चाळीस वर्षांची बाई, पोरं, नवरा, पाण्याच्या पाळ्या, हजार विड्या, तिला वेळ कुठाय. असेल तसं. पण ते तिला म्हणू दे. तिच्या वतीनं त्या घरात एकदा ठरवून झालंय, परत तू ठरवू नकोस.

हो म्हणाली तर वाट आहे, अवघड नाही. बोर्डाचा १७ नंबर फॉर्म, खाजगीरीत्या दहावीला बसायचा. वय १४ पूर्ण आणि किमान पाचवी पास एवढं लागतं, तिची तर सातवी झालीय. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याची मुदत दरवर्षी बोर्डाच्या साईटवर येते, ती चुकवू नकोस, तू दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असतोस. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो काढायला तिला घेऊन तू स्वतः रजा टाकून ये. खिडकीवर क्लार्क विचारेल मुलीचा का म्हणून, तेव्हा तू मध्ये बोलू नकोस.

आणि अभ्यास? तो तुझ्याकडं आहे. रोज रात्री साडेनऊला पुण्यातनं फोन लाव, ती फोन स्पीकरवर टाकून सुपाशेजारी ठेवेल, आणि तू वाच. इतिहास वाच, विज्ञान वाच, गणित तिला रविवारी वहीवर करू दे. तिचे हात तेव्हाही रिकामे नव्हते, आजही नसतील, कान आहेत. बायकोला पण खोलीत बसू दे, तिला अजून माहितीच नाही तू मोठ्यानं का वाचतोस, माहिती असतं तर ती हसली नसती. ह्या घरात हे कुणी कुणाला सांगितलंच नाही ह्याचं मला लई वाईट वाटतं.

नाही म्हणाली तर नाही. तरी पुढच्या रविवारी परत जा, पुस्तक तिथंच ठेवून ये.

कोटणीसांचं नाव घेतलंस म्हणून तेवढं सांगते. भैया चौकातलं स्मारक तू बघितलंच असशील. तो पोरगा १९३८ ला डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेला, १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. पण तिकडं गेल्यावर तो तिथली भाषा शिकला, माणसांशी त्यांच्या बोलीत बोलायला लागला, जखमी माणसाला कुठं दुखतंय हे त्याच्याच तोंडून ऐकायला. तू वीस वर्षांत अक्काला काय विचारलंस? गड्ड्याच्या यात्रेला येतोस, तिच्या पोरांना पाळण्यात बसवतोस, शेंगाचटणी बांधून घेऊन जातोस. तिला काही विचारलंस का कधी?

साडेचार लाख बँकेत पडू देत अजून वर्षभर, त्यांना काही होत नाही. अभ्यासिका कर नाहीतर नको करू, ते मला पुढच्या वर्षी विचार, आणि तेव्हा अक्काला पण विचार, खुर्च्या लावायच्या की आणखी काही, तिला तुझ्यापेक्षा जास्त माहिती आहे विडीच्या घरातल्या पोरी संध्याकाळी सहाला अभ्यासिकेत येऊ शकतात का नाही ते.

रविवारी रात्री मला लिही. तू काय म्हणालास ते नको, ती काय म्हणाली ते लिही, तिच्या शब्दांत, तेलुगूत म्हणाली असेल तर तेलुगूत.