तिघांचा एकच वेग

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. तुम्ही तिघे जिममधले सोबती येत्या हिवाळ्याच्या अखेरीस पुण्याजवळच्या साहसी शर्यतीत उतरणार आहात, हे वाचून आनंद झाला. डोंगर चढणे, सायकल, धरणाच्या पाण्यात वल्हवणे आणि दोरावरून उतरणे हे सगळे एकाच दमात करायचे असल्यामुळे कोणता व्यायाम वाढवावा, असे तू विचारले आहेस. त्याविषयी पुढे लिहीनच. त्याआधी मला खटकलेली गोष्ट सांगतो. तुम्ही तिघांनी आजवर एका छताखाली व्यायाम केला आहे, पण एकत्र केलेला नाही. जिममध्ये एकाचा सेट चालू असताना दुसरा विश्रांती घेतो, तिसरा आरशात पाहतो किंवा आकडे मोजतो. शर्यतीत तिघांनाही एकाच वेळी, एकाच वाटेवर, एकाच वेगाने तासन्‌तास चालायचे असते. तो सराव तुमच्यापैकी कोणालाच नाही, आणि माझ्या मते शर्यतीला उरलेल्या चार महिन्यांतला मोठा वेळ त्याच्यावरच खर्च व्हायला हवा.

या खेळाचा पायाच तसा घातला गेला आहे. १९८९ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका फ्रेंच पत्रकाराने लांब पल्ल्याची पहिली मोठी साहसी शर्यत भरवली, तेव्हा पाच जणांचा संघ, त्यात किमान एक स्त्री आणि सगळ्यांनी मिळून शेवट गाठायचा, अशा अटी होत्या. आपल्याकडच्या एन्ड्युरो३ सारख्या शर्यतीत संघ तिघांचा असतो, पण तत्त्व तेच आहे. चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठाण्यावर, दोघे आधी पोहोचले तरी त्यांना काहीच मिळत नाही; तिसरा येईपर्यंत घड्याळ चालूच राहते.

तू तिघांचे आकडे कळवले आहेस. एक मित्र १६० किलोची डेडलिफ्ट मारतो, म्हणजे तेवढे वजन जमिनीवरून उचलून उभा राहतो, मैत्रीण अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत धावते आणि तू दोन्हींत मध्यम आहेस. बलवान मित्राच्या भरवशावर तुम्ही निश्चिंत दिसता, म्हणून स्पष्ट लिहितो: लांब चढणीवर तोच सर्वांत मागे राहण्याची शक्यता अधिक आहे. चढावर माणूस मुख्यतः स्वतःचे वजन वर नेत असतो. आतकरवाडीहून सिंहगडाची चढण सुमारे ६०० मीटरची आहे. ती चढताना ९० किलोच्या तुझ्या मित्राला ५५ किलोच्या मैत्रिणीपेक्षा दीडपटीहून अधिक काम करावे लागते. शिवाय मोठ्या देहात उष्णता जास्त तयार होते, आणि ती बाहेर टाकणारी त्वचा मात्र त्या प्रमाणात वाढलेली नसते. यात त्याचा दोष काही नाही. पण हे त्याला आधी, घरी बसून, चहा पिताना सांगितले गेले पाहिजे. डोंगरात पहिल्यांदा कळले तर तो ते लपवील, पहिल्या तासात सर्वांच्या पुढे धावेल आणि तिसऱ्या तासात बसेल.

गेली काही वर्षे मी चेकपॉइंटवर स्वयंसेवक म्हणून बसतो. कार्डावर शिक्का मारताना चेहरे पाहायची सवय लागली आहे. तिघेही सारखेच दमलेले असतील, तर तो संघ सहसा शेवटपर्यंत जातो. दोघे ताजेतवाने, तिसरा नजर जमिनीला लावून उभा आणि पुढचे दोघे त्याला ‘चल रे, अजून थोडंच’ असे मोठ्या आवाजात सांगताहेत, असे दिसले की मी मनातल्या मनात त्यांच्या परतीच्या गाडीची सोय पाहू लागतो. त्या आरडाओरड्याने कोणाच्या पायांत बळ येत नाही. मागच्याच्या पाठीवरचे ओझे कमी केले तर येते.

म्हणून ओझ्याची देवघेव शिका. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. चढण सुरू होण्यापूर्वीच मित्राच्या सॅकमधले पाणी आणि खाणे तुम्हा दोघांच्या सॅकमध्ये जावे. तो धापा टाकू लागल्यावर नव्हे. मुलीने आपली सॅक उचलली म्हणून त्याला लाज वाटेल, आणि ती लाज जिरवायला सरावाचे दोन-तीन रविवार लागतील. सपाटीवर, सायकलवर आणि होडीत तो त्याची फिटंफाट करील, कारण तिथे त्याच्या पाठीची आणि मांड्यांची ताकद खरोखर कामी येते. नियमांत परवानगी असेल तर कमरेला लवचीक दोर बांधून पुढच्याने मागच्याला हलकेच ओढण्याचाही सराव करा. सायकलवर हे करताना आधी मोकळ्या मैदानात शिकावे. रस्त्यावर पहिला प्रयोग करू नये.

वेग ठरवण्यासाठी महागड्या घड्याळाची गरज नाही. तिघांपैकी ज्याला सर्वांत जास्त धाप लागली आहे, त्याला एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. येत नसेल तर संघाचा वेग जास्त आहे, मग उरलेले दोघे कितीही कंटाळलेले असोत. याची कसोटी घ्यायला कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची डोंगररांग उत्तम आहे. पुण्यातले भटके तिला के-टू-एस म्हणतात आणि सहसा चांदण्या रात्री जातात. एक टेकडी चढून उतरावी, तोच दुसरी समोर उभी राहते. घसाऱ्यावर पाय सटकतात, वाटेत पाण्याचा भरवसा नसतो, आणि पाचव्या-सहाव्या टेकडीनंतर तुमच्यापैकी प्रत्येकाचा खरा स्वभाव बाहेर येतो. कोण गप्प होतो, कोण चिडतो, कोण विनोद करून वेळ मारून नेतो, हे त्या रात्री नीट पाहून ठेव.

आता व्यायामाविषयी. तुमच्या मांड्या वजन उचलायला सरावल्या आहेत, पण उतारावर त्यांना वेगळेच काम पडते. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, आणि त्याने होणारी ठणक साधारण २४ ते ७२ तासांनी शिगेला पोहोचते. सुदैवाने असा ताण एकदा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच ताण बराच सहज सोसतो. तेव्हा सिंहगड चढून गेल्यावर गाडीने खाली येऊ नका, पायीच उतरा. जिममध्ये बैठका मारताना खाली जायला चार सेकंद घ्या आणि उंच पायरीवरून एका पायाने सावकाश उतरण्याचा व्यायाम करा. छाती आणि दंड यांच्यासाठी राखलेले दिवस निम्मे केलेत तरी काही बिघडणार नाही. (मित्राला हे वाक्य तू वाचून दाखव, माझे नाव घेतलेस तरी चालेल.)

वातानुकूलित जिमची आणखी एक अडचण आहे. उन्हात काम करायला शरीर शिकते. घाम लवकर येऊ लागतो, घामातले मीठ कमी होते आणि रक्तातला द्रव वाढतो. पण त्यासाठी उन्हात साधारण १० ते १४ दिवसांचा सराव लागतो. फेब्रुवारीत घाटमाथ्यावर पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी उघडा कातळ तापलेला असतो. शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे तासाभराचे चालणे किंवा सायकल दुपारी ठेवा, सावकाश आणि पाणी बरोबर घेऊन.

खाण्याबाबत तुम्ही जिमची शिस्त विसरा. स्नायूंतला आणि यकृतातला साखरेचा साठा काही तासांच्या कष्टांत संपत येतो, आणि तो संपल्यावर इच्छाशक्तीचा फारसा उपयोग होत नाही. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. त्यावरून चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ लावून गुंडाळलेली पोळी यांचा हिशेब बसवता येईल. शर्यत चालू असताना प्रोटीन शेकचे काही काम नाही. भूक लागण्याची वाट पाहू नका; एकाने घड्याळ लावावे आणि दर अर्ध्या तासाने तिघांनी खावे, भांडण झालेले असले तरीही.

पाणी कमी पडू नये हे सगळेच सांगतात, जास्त होऊ नये हे फार थोडे सांगतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या दिशेने घसरलेले आढळले, आणि शर्यतीत पाणी पिऊन वजन वाढणे हे त्यामागचे प्रमुख कारण दिसले. तहानेप्रमाणे प्या. ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात संपूर्ण घाला. अर्धी पुडी अंदाजाने बाटलीत टाकण्याची आपल्याकडची सवय सोडा. अंग दुखते म्हणून वाटेत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर घाव घालू शकते. शर्यतीनंतर लघवी कोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे, हे तिघांनीही लक्षात ठेवावे.

नकाशा मैत्रिणीच्या हाती द्या असे मी सुचवतो. ती चढावर सर्वांत कमी दमेल, आणि दमलेल्या मेंदूला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचता येत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांत २० मीटरची उंची, एवढ्या भांडवलावर सुरुवात करता येते. होकायंत्राचे गणित आपल्याकडे सोपे आहे. पुणे परिसरात चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, न्यूझीलंडमध्ये तो वीस अंशांच्या पुढे जातो. वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा अजून उपयोगी पडतो: सपाटीच्या दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळजवळ चार तास. तुम्ही कागदावर दोन तास धरले असतील, याची मला जवळपास खात्री आहे.

सह्याद्रीत माणूस चुकतो तो बहुतेक ढोरवाटांमुळे. या वाटा ठळक असतात, चढ न घेता डोंगराच्या पदराने आडव्या जातात, म्हणून दमलेल्या पायांना मोह पडतो. आणि अर्ध्या तासाने त्या कारवीच्या रानात विरून जातात. वाट नकाशावरच्या दिशेपासून वळू लागली की तिथल्या तिथे थांबा, तिघांनीही नकाशा पाहा आणि शंका असेल तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे जा. मागे फिरायला जो विरोध करतो तो नेहमी संघातला सर्वांत उत्साही माणूस असतो. गुराख्याला वाट विचारायला नियमांची आडकाठी नसेल तर अवश्य विचारा, फक्त त्याचे ‘हे काय, जवळच आहे’ हे त्याच्या पायांच्या हिशेबाने असते, एवढे ध्यानात असू द्या.

दोरावरून उतरण्याविषयी फारसे लिहीत नाही. तिथे आयोजकांचे प्रशिक्षक असतात. ते सांगतील ते निमूट ऐकावे, लांब केस आणि सैल कपडे आवरून घ्यावेत, बस्स. होडीत दोघांनी वल्हे एकाच तालात मारणे हे ताकदीपेक्षा महत्त्वाचे आहे, आणि धरणाच्या पाण्यावर दुपारी वारा उठतो, तेव्हा किनाऱ्याच्या आडोशाने जावे. सायकलची ट्यूब बदलणे, पंक्चर काढणे आणि तुटलेली चेन जोडणे तिघांनाही आले पाहिजे. बाभळीचा काटा कोणाच्या चाकात शिरेल ते आधी कळत नाही. पायांकडे मात्र दुर्लक्ष नको. नखे दोन दिवस आधी कापा, मोजे बदलायला एक कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि कुठे चुरचुरू लागले की फोड येण्यापूर्वी थांबून चिकटपट्टी लावा. त्या थांबण्याला तीन मिनिटे लागतात. फोड फुटला की प्रत्येक किलोमीटरला त्याहून जास्त जातात.

कप्तान तू हो. तू दोन्हींत मध्यम असल्याचे खंत केल्यासारखे लिहिले आहेस, पण पुढच्याचा उत्साह आणि मागच्याची दमणूक दोन्ही तुलाच ठाऊक असणार. कप्तानाने शर्यतीच्या आधीच्या रात्री एक गोष्ट सर्वांकडून कबूल करून घ्यावी: कोणत्या लक्षणांवर चर्चेशिवाय थांबायचे. सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा ओळखीच्या प्रश्नाला चुकीचे उत्तर देऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण कष्टांमुळे आलेल्या उष्माघातात घाम चालूही असू शकतो. त्याला सावलीत न्यावे, मिळेल तेवढे पाणी अंगावर ओतून वारा घालावा आणि एकाने मदत मागवावी. गार करणे आधी, हलवणे नंतर. त्या क्षणी क्रमांक, वेळ, नोंदणीचे पैसे यांतले काहीही बोलले जाऊ नये.

आणखी एक व्यवस्था आजच करून ठेव. शेवटची रेषा ओलांडल्यावर पुण्यापर्यंतची गाडी तुम्हा तिघांपैकी कोणीही चालवायची नाही. झोप न झालेल्या माणसाला आपण ताजे आहोत असे वाटते, आणि परतीचा पानशेतचा रस्ता वळणांचा आहे. घरच्या कोणाला तरी बोलवा किंवा चालक ठरवा, आणि त्याचे पैसे नोंदणीच्या खर्चातच धरा.

कळावे,
तुझा शुभचिंतक