‘काढून दिला’ म्हणजे कोणी?

प्रश्न : २०२४च्या दसऱ्याला ठाण्यातल्या एका दुकानातून ५८ हजारांची इलेक्ट्रिक बाइक घेतली. पत्रकावर ‘लायसन्स नको, आरटीओ नको’ असं छापलं होतं. मला कासारवडवलीहून महापे एमआयडीसीत जावं लागतं. २५च्या वेगाने कधी पोहोचणार, असं म्हटल्यावर दुकानदाराने तिथेच लॉक काढला. गाडी आता ४५ला जाते. गेल्या महिन्यात ऐरोलीत अडवलं आणि गाडी जमा केली. माझ्याकडे कारचं लायसन्स आहे. डिलिव्हरी चलनावर दुकानदाराने हाताने लिहिलंय, ‘ग्राहकाच्या सांगण्यावरून स्पीड लॉक काढून दिला’, खाली माझी सही. तो म्हणतो, ते चलन घेऊन या, नवीन कागद करून देतो, गाडी सुटेल. दंड भरून या गाडीची नोंदणी होईल का? दसऱ्यानंतर नवी, वेगवान बाइक घ्यायची आहे, कोणती घ्यावी? जुनी मुलाला क्लासला जायला देईन, तो १६ वर्षांचा आहे.

उत्तर : ते चलन दुकानदाराच्या हातात देऊ नका. दाखवायलासुद्धा नेऊ नका. बाकी सगळं नंतर.

लॉक काढलेल्या बाइकची पत्रं मला दर महिन्याला येतात. गाव बदलतं, कधी कळवा असतं, कधी घणसोली. मजकूर तोच. तुमच्या पत्रात मात्र एक गोष्ट वेगळी आहे. तुमच्याकडे दुकानदाराच्या हस्ताक्षरातली ओळ आहे. तुम्ही ती न वाचता सही केलीत (वाचली असतीत तर हे पत्र आलंच नसतं), आणि आता तीच ओळ परत मागितली जातेय. का, ते सांगतो.

मोटर वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. विक्रेत्याने नियमाविरुद्ध गाडी विकली, ग्राहकाच्या ताब्यात दिली किंवा तिच्यात बदल केला, तर त्याला वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात मालकाची पाळी येते : परवानगीबाहेरचा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. म्हणजे लॉकला हात कोणी लावला, यावर सगळं उभं आहे.

दुकानदाराने ती ओळ लिहिली ती स्वतःला वाचवायला. विक्रेत्याच्या पोटकलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद, जोडलेलं आहे : गाडी नियमाविरुद्ध कशी आहे हे मी विकतानाच समोरच्याला सांगितलं होतं, असं विक्रेत्याने सिद्ध केलं तर त्याला दोषी धरत नाहीत. कोणीतरी त्याला अर्धामुर्धा सल्ला दिलेला दिसतो. कारण ओळ पुन्हा वाचा. लॉक काढला एवढंच तीत आहे. त्यामुळे ही गाडी आता मोटर वाहन झाली, हिला नंबर, विमा आणि लायसन्स लागेल, असं कुठे लिहिलंय? उलट पत्रक म्हणतं, यातलं काहीच नको. सांगण्याच्या नेमकं उलट. आणि ‘काढून दिला’ या दोन शब्दांत त्याने स्वतःच कबुली दिली आहे. ग्राहक सांगतो, दुकानदार काढून देतो. ‘ग्राहकाने काढला’ असं लिहिलं असतं तर मला तुमची काळजी वाटली असती.

नवीन कागदावर बहुधा हेच क्रियापद बदलेल. म्हणून मूळ चलन घरात, पत्रक त्याच्यासोबत, आणि दुकानदाराशी यापुढचं बोलणं फोनवर न करता व्हॉट्सॲपवर लेखी.

नोंदणीचं उत्तर एका शब्दात : नाही. केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९मधला नियम २(यू) अशा गाडीला मोटर वाहन मानत नाही, पण अटी घालून. मोटर सलग तीस मिनिटं देऊ शकेल ती शक्ती २५० वॅटच्या आत, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक, आणि हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेलं. लॉक निघाला की ही सवलत संपते. आता तुम्ही म्हणाल, मग मोटर वाहन म्हणून नोंदवून घ्या. ते होत नाही, कारण मोटर वाहन म्हणून या मॉडेलला मंजुरीच नाही. आरटीओ नोंदवणार कशाच्या आधारावर? गाडी सायकलीत बसत नाही आणि स्कूटरमध्येही बसत नाही.

गाडी सोडवण्याबद्दल मी तितका ठाम नाही. कलम २०७खाली जमा केलेली गाडी परत मिळवायला मालकाने कागदपत्रांसह अर्ज करायचा असतो. दुकानदाराकडून किंवा थेट कंपनीकडून चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागवा, मॉडेलचं नाव बिलाशी जुळतंय का पाहा, लॉक परत बसवून देतो असं हमीपत्र जोडा. एखादा अधिकारी तेवढ्यावर सोडतो, एखादा न्यायालयात जा म्हणतो. दंड भरण्याआधी पावतीवर कलमं कोणती टाकली आहेत ते वाचा. नोंदणी नसल्याबद्दल १९२ आणि लायसन्सबद्दल १८१ असेल तर फार वाद घालण्यात अर्थ नाही. कारचं लायसन्स दुचाकीला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक असणार. पण १८२अ(४) टाकलं असेल तर निमूटपणे पैसे भरू नका. ‘बदल मीच केला’ ही कबुली तुमच्या सहीने दप्तरात जाईल आणि पुढे दुकानदार तीच काढून दाखवेल.

आता तारीख. नव्या गाडीचं तुम्ही ‘दसऱ्यानंतर’ म्हणता, पण तक्रारीचं तोवर थांबवू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. २०२४चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. यंदा अधिक महिना येऊन गेला, त्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आहे. ग्राहक आयोग तिथी पाहत नाही, बिलावरची तारीख पाहतो. दसऱ्याचं सोनं वाटून तुम्ही फाइल उघडाल तेव्हा मुदत संपून आठ दिवस झालेले असतील. फसवणूक गाडी जमा झाल्यावर कळली, म्हणून तेव्हापासून मोजा, असा युक्तिवाद करता येतो. उशीर माफ करण्याचा अर्जही करता येतो. पण समोरचा वकील म्हणेल, लॉक तुमच्या डोळ्यांदेखत काढला, नंतर कळायचं काय राहिलं होतं? त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. गणपतीच्या गडबडीत असाल तरी या आठवड्यात स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि सप्टेंबर संपायच्या आत ठाणे जिल्हा आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

पूर्ण पैसे परत मिळतील असं सांगत नाही. वेग तुम्हीही मागितला होता. आणि आयोगाने तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची चाचणी लागली तर पाच महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायदा म्हणतो. नुसत्या नोटीस बजावणीतच तेवढे महिने गेलेली प्रकरणं माझ्या कपाटात आहेत. तरीही दाखल करा. तक्रारीची प्रत हातात पडली की पुष्कळ दुकानदारांना तडजोड सुचते.

मुलाचं वाचून मी पत्र खाली ठेवलं. ४५ला जाणारी, बिनविम्याची गाडी १६ वर्षांच्या मुलाला? कलम १९९अखाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. विटाव्याच्या पुलाखाली कोणाला धक्का लागला तर भरपाई विमा कंपनी देणार नाही, तुमच्या खिशातून जाईल. शिवाय ब्रेक २५च्या हिशेबाने बसवलेले असतात. ४५च्या वेगातली गाडी थांबवायला सव्वातीन पट ऊर्जा शोषावी लागते.

नवी कोणती, तर कंपनीचं नाव मी सांगत नाही. वीसेक किलोमीटर एका बाजूने, त्यात घोडबंदर रोडचे कंटेनर आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. या रस्त्याला २५ची गाडी मुळातच चुकीची होती. त्या कंटेनरांमध्ये हळू जाणंही धोक्याचंच आहे. हिरव्या पाटीवर पांढरा नंबर असलेली, नोंदणीकृत स्कूटर घ्या. बॅटरीच्या गाड्यांना नोंदणी शुल्क २०२१पासून माफ आहे, म्हणजे आरटीओ टाळून तुम्ही फारसं काही वाचवलंही नव्हतं. विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, कंपनीचा फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मागा. नंबर पडल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर काढू नका, मुहूर्त टळला तरी चालेल. बिनगिअरच्या दुचाकीचं शिकाऊ लायसन्स मात्र आजच काढा. पक्क्या लायसन्सच्या चाचणीसाठी ३० दिवस थांबावं लागतं, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास गाडी घ्यायची तर हाताशी फार दिवस नाहीत.

आणि चलनाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. कार्बनची अक्षरं दोन पावसाळ्यांत पुसट होतात, आणि त्या कागदाने दोन पावसाळे पाहिलेत.