वाचकांचे प्रश्न : पुस्तकातली कसुती, कपाटातली बुरशी

निपाणीहून एक वाचिका विचारतात : कसुतीचं, म्हणजे कर्नाटकातल्या धागे मोजून करायच्या भरतकामाचं, एक कन्नड पुस्तक मिळालं. नक्ष्या सुंदर आहेत, पण मला कन्नड वाचता येत नाही. मॅटी कापडावर (सुट्या विणीचं, धागे मोजता येतील असं) गोपुर काढलं तर ते चित्रापेक्षा भलतंच मोठं झालं, आणि मागची बाजू नुसती गुंतवळ. इलकल साडीच्या पदरावर काढायचं तर धागेच मोजता येत नाहीत.

कन्नड येत नाही म्हणून अडायचं कारण नाही, कारण कसुतीचं पुस्तक हे मुळात चौकटींचं पुस्तक आहे. मजकुरातले थोडे शब्द लागतील तेवढे घ्या : दार म्हणजे दोरा, एळे म्हणजे दोऱ्याचा पदर, बट्टे म्हणजे कापड. नक्ष्यांत तेरु हा रथ, तोट्टिलु पाळणा, आने हत्ती, नविलु मोर आणि गिळी पोपट. टाके चार. गावंती सरळ रेषेचा, मुरगी पायऱ्यापायऱ्यांचा, नेगी लांब-आखूड धावदोऱ्याचा, विणल्यासारखा दिसणारा, आणि मेंथे फुलीचा, मेथीच्या दाण्यांसारखा. कापड दोन्हीकडून सारखं दिसतं ते गावंती आणि मुरगीमुळे. नेगी आणि मेंथेची मागची बाजू वेगळीच दिसणार, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

आता आकार. पुस्तकातलं चित्र किती इंच आहे ते बघायचंच नाही, चौकटी मोजायच्या. कापडावर पट्टी ठेवून एका इंचात धागे किती ते उभे आणि आडवे दोन्ही मोजा. दोन्हींत फरक असेल तर मोर जाडा किंवा लांबोडका होतो. समजा इंचात 22 धागे आहेत आणि एक चौकट दोन धाग्यांवर घेतली, तर इंचात 11 चौकटी बसतात. 66 चौकटींचं गोपुर मग बरोबर 6 इंच उंच होतं. तीन इंचांचं हवं असेल तर कापड बारीक घ्या किंवा नक्षी अर्धी करा. चौकट दीड धाग्यावर घेता येत नाही.

गुंतवळ होते ती वाटेमुळे. गावंतीत जाताना एक घर सोडून एक टाका घालत जायचं, येताना रिकामी घरं भरत यायचं. मुख्य रेषेला फांदी फुटली की तिथेच वळायचं, फांदीच्या टोकापर्यंत जायचं, ती भरत परत यायचं आणि मगच मुख्य रेषेवर पुढे. फांद्या ‘नंतर बघू’ म्हणून ठेवल्या की मागून दोरा ओढत न्यावा लागतो, आणि तोच गुंता. सुई हातात घेण्याआधी ही वाट पुस्तकातल्या चौकटींवर पेन्सिलीने एकदा गिरवा. गाठ मारू नका. चार इंचांचं शेपूट सोडा आणि शेवटी त्याच रंगाच्या टाक्यांखालून ओवा. दोरा 18 इंचांपेक्षा लांब घेतला की त्याला लव सुटते. येतानाची रेष वेडीवाकडी दिसते तेव्हा सुई आधीच्या टाक्याच्या कधी वरून, कधी खालून निघालेली असते. दर वेळी एकाच बाजूने वर काढा आणि दुसऱ्या बाजूने खाली घाला.

इलकलीसाठी मॅटीचाच तुकडा टेकू म्हणून वापरा. नक्षीपेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा कापा, पदरावर कच्च्या टाक्याने बसवा आणि त्याचे धागे मोजत दोन्ही कापडांतून काढा. हा तुकडा आधी धुवू नका, खळीचा ताठपणा इथे कामाचा असतो. नुसत्या मॅटीवर बोथट सुई लागते, इथे मात्र बारीक टोकदार घ्या. पण ती मॅटीच्या भोकांतूनच गेली पाहिजे. धाग्यात घुसली तर तो धागा शेवटी निघत नाही. काम झालं की मॅटी किंचित ओली करून एकेक धागा चिमट्याने ओढा, आधी सगळे आडवे, मग उभे. लाल-काळ्या दोऱ्याचा रंग जातो का ते आधी बघा : ओला दोरा पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवायचा. पदर खराब झाल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

खानापूर तालुक्यातून एक वाचक : घर सजावटीची आणि चित्रकलेची जुनी पुस्तकं पावसाळ्यात खराब होतात. काहींची चकचकीत पानं चिकटली, काहींना कसर लागली, शिवण सुटली.

खानापूरच्या पावसात पुस्तक ठेवणं आणि अथणीच्या कोरड्या हवेत ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाट भिंतीपासून किमान दोन इंच पुढे घ्या, आणि पश्चिमेची भिंत टाळाच. पुस्तकं इतकी दाटू नका की एक काढताना दोन यावीत. डांबरगोळ्या ओल थांबवत नाहीत. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळवून, पुरचुंडीत. ओलसर पाला म्हणजे आपणच आणून ठेवलेली बुरशी. बंद दाराच्या छोट्या कपाटात पाव किलो सिलिका जेल चालतं, पण रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडं करावं लागतं. उघड्या फळीवर त्याचा उपयोग शून्य.

चकचकीत पानं चिकटतात कारण त्या कागदावर लेप असतो. भिजला की तो मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या पानाला धरतो. एकदा वाळून चिकटली की सोडवता येत नाहीत, चित्राचा तुकडा उचलून येतो. म्हणून जे काही करायचं ते ओलं असतानाच : पानं हळूच सुटी करा आणि मध्ये बटर पेपर घाला. वेळ नसेल तर पुस्तक पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा, सवड झाली की थोडंथोडं काढून वाळवा. बुरशी मात्र पूर्ण वाळल्यावरच, अंगणात, तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशने झटका. ओल्या कापडाने पुसली तर ती कागदात मुरते.

शिवणीसाठी पांढरा डिंक नको. तो पुन्हा सुटत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीत कागदच फाटतो. जुने बाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालत. त्यामुळे कसर दूर राही, पण ते विषारी आणि कागदालाही वाईट. तुमच्याकडे कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतच असतील. त्यातला मीठ-हिंग घालण्याआधीचा घ्या. एक भाग चिकाला पाच भाग पाणी, मंद आचेवर हलवत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा, गार करा. पातळच लावा. दोन दिवसांत आंबते, तेव्हा वाटीभरच करा.

बेळगाव, शहापूर : आजीचा खण फ्रेम करायचा आहे.

चिकटवू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडावर खण बारीक टाक्यांनी, कडेकडेने शिवा आणि ते कापड पुठ्ठ्यावर ताणा. काच खणाला टेकली तर पावसाळ्यात आतल्या बाजूला दव धरतं आणि डाग पडतात; म्हणून मध्ये पाच मिलिमीटरची पट्टी हवी. जुन्या घड्या जात नाहीत म्हणून वाफेची इस्त्री फिरवू नका, घडीवर रेशमाचा धागा आधीच तुटायला आलेला असतो. खण नवा असेल तर एक सुटा धागा जाळून बघा : कागदासारखा वास सुताचा, केसांसारखा रेशमाचा, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे लावा, भिंतीची ओल लागणार नाही.

चिकोडी : मातीच्या कुंडीवरचा रंग दोन महिन्यांत पोपडे होऊन निघतो.

रंगाचा दोष नाही. झाडाला घातलेलं पाणी मातीच्या भिंतीतून बाहेर येतं आणि रंगाचा थर ढकलतं. पांढरी पूड दिसते ते त्याच पाण्याबरोबर आलेले क्षार. रंगवलेल्या कुंडीत झाड थेट लावू नका, प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती आत बसवा. नवी कुंडी आधी पाण्यात भिजवा, आठवडाभर उन्हात वाळवा, 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग प्रायमर. जुनी असेल तर सगळे पोपडे खरवडल्याशिवाय वर नवा हात देऊ नका.