थर्मोस्टॅटचा आकडा आणि खिडकीजवळचे टेबल

थंड देशातील जुन्या, भाड्याच्या घरात तुम्ही राहायला जाणार आहात, सोबत शाळकरी मुलगी आहे, आणि घरात हीटिंग असताना जादा हीटर घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. व्हिसा, विमा आणि भाडेकरार यांची माहिती अधिकृत ठिकाणी मिळतेच, म्हणून ती सोडून देते. एकटेपणाविषयीही तुम्ही विचारले आहे; तो येतो, कामाला लागले की मागे पडतो, त्याहून अधिक त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. थंडीविषयी मात्र पुष्कळ आहे, आणि त्यातले काही अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाही.

हीटर घेण्याआधी थंडी कुठून येते ते शोधा, कारण घरात ती दोन प्रकारची असते आणि दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. पहिली फटींतून येणारी. घरातील ऊबदार हवा हलकी असल्याने वर चढते, माळ्याच्या झडपेच्या कडांतून निसटते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठी दाराखालून, जमिनीलगतच्या पट्टीमागून आणि पाइप भिंतीत शिरतात तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यामुळे पाय गारठत असतील तरी दोष अनेकदा डोक्यावरच्या झडपेत असतो. दुसरी थंडी फटीवाचून येते. बाहेर 0 आणि आत 20 अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू साधारण 5 अंशांवर असते, साध्या दुहेरी काचेची 12-13 अंशांवर. काचेला लागलेली हवा गार होऊन जड होते आणि खाली घसरते. खिडकी कितीही घट्ट लावलेली असली तरी जवळ बसणाऱ्याला वारा लागतो तो यामुळे.

आमच्या घरी अशाच एका खिडकीखाली मुलाचे अभ्यासाचे टेबल होते. तो बाहीत बोटे ओढून, पेन्सिलीचे टोक तेवढे बाहेर ठेवून लिहीत असे. शाळेने शेरा दिला की अक्षराला वळण नाही, काम संथ आहे, आणि नवीन भाषा झेपत नसल्याचा निष्कर्ष काढून त्याला मागे पडलेल्या मुलांच्या गटात बसवले. टेबल आतल्या भिंतीला लावल्यावर अक्षर सुधारले. गट मात्र वर्षभर बदलला नाही. खरे सांगायचे तर फटी शोधण्याची विद्या मी इतक्या बारकाईने शिकले ती घर ऊबदार व्हावे म्हणून कमी आणि त्या शेऱ्याला उत्तर देता यावे म्हणून अधिक. उत्तर कोणी मागितले नाही.

शोधण्यासाठी बाहेर वारा असलेला थंड दिवस निवडा. दारेखिडक्या लावा, गॅसवर चालणारी उपकरणे बंद करा, स्वयंपाकघर व न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंखे सुरू करा आणि पेटलेली उदबत्ती चौकटींच्या कडेने, स्विचबोर्डांजवळून, जमिनीलगत सावकाश फिरवा. धूर आडवा होऊन खोलीत ढकलला गेला तर तेथे फट आहे. काचेसमोर तो नुसताच खाली वळला तर दोष काचेच्या गारव्याचा आहे. पडदे सांभाळा. धुराचा अलार्म वाजला तर शेजाऱ्यांची ओळख अनायासे होते, हा त्यातला फायदा. दाराच्या फटीसाठी कागद मध्ये धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर तेथील रबर दबून निकामी झालेले आहे.

उघडझाप होणाऱ्या जागी फोमची किंवा रबरी पट्टी, दाराखाली ब्रशची पट्टी, न हलणाऱ्या भेगांत सीलंट म्हणजे भेग बुजवणारी लुकण, असा साधा हिशेब आहे. काम माळ्याच्या झडपेपासून सुरू करा. काच गार असेल तर हेअर ड्रायरने ताणून बसवायची पारदर्शक फिल्म आणि जाड पडदा उपयोगी पडतो, पण पडदा रेडिएटरवर, म्हणजे गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पॅनेलवर, लोंबू देऊ नका, नाहीतर सगळी ऊब काचेकडे जाते. रेडिएटर वरच्या भागात गार आणि खाली गरम असेल, तर त्यात हवा अडकली आहे. ती काढून टाकली की खोलीचा तो कोपरा आपोआप तापतो.

आता कागदपत्रांविषयी, कारण तेथे माझा खरा संताप आहे. घरमालकाच्या प्रतिनिधीचे म्हणणे असे की घरातल्या बोळातील थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून हीटिंग चालू-बंद करणारे यंत्र, 20 दाखवतो, म्हणजे घर 20 अंशांवर आहे, आणि कोपऱ्यातील बुरशी आम्ही घरात कपडे वाळवतो म्हणून येते. कपड्यांची वाफ हे कारण खोटे नाही, परंतु 20 अंशांच्या, 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीतही भिंतीचा कोपरा 12 अंशांपर्यंत उतरला की बुरशीला तेवढे पुरते. बुरशीच्या तक्रारीचा आमचा पहिला अर्ज छायाचित्रावर तारीख नाही म्हणून परत आला, दुसरा मोजमाप अधिकृत माणसाचे नाही म्हणून, आणि अधिकृत माणूस आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर, हात भिंतीला लावून "कोरडी आहे" असे लिहून गेला. तेव्हा घराचा ताबा घेतानाच्या नोंदीत प्रत्येक डाग व फट लिहून घ्या, आणि थंडी पडताच इन्फ्रारेड थर्मामीटरने, म्हणजे भिंतीला न टेकवता तिचे तापमान मोजणाऱ्या यंत्राने, कोपऱ्यांचे आकडे तारीख-वेळेसह टिपत जा. चकचकीत धातूवर ते यंत्र फसवे आकडे दाखवते, तेवढे लक्षात ठेवा.

खिडकीच्या चौकटीतील हवेसाठी मुद्दाम ठेवलेल्या झडपा मात्र बुजवू नका, आणि घरात गॅस किंवा लाकूड जळत असेल तर काहीही बुजवण्याआधी त्या उपकरणाची तपासणी करून कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म बसवून घ्या. कपाटे आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर दूर ठेवा. हे सारे करूनही एखादी खोली गारच राहिली, तरच हीटरचा विचार करा. आणि मुलीचे टेबल सामान लावतानाच आतल्या भिंतीला ठेवा, शाळा सुरू होण्याआधी.