ग्रीन बिल्डिंगची हौस टिकेल का? एका बारावीच्या मुलीची केस

बारावीच्या निकालानंतर आमच्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. मुलाला किंवा मुलीला पर्यावरणपूरक इमारतींच्या क्षेत्रात जायचं आहे, पण ही हौस टिकेल का आणि त्यात पोट भरेल का? लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका कुटुंबाची केस इथे देत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलीचं गणित बरं, चित्रकला उत्तम. तिला आर्किटेक्चर करून मातीची, पर्यावरणपूरक घरं बांधायची होती. वडिलांचं खताचं दुकान. पोरीने सिव्हिल करून सरकारी परीक्षा द्याव्यात, ही त्यांची इच्छा. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "मॅडम, मातीची घरं बांधायला पाच वर्षं अन् लाखो रुपये कशाला? आमच्या आज्यानं न शिकता बांधली. अन् त्याच घरांनी 93 च्या भूकंपात माणसं गाडली."

पैशांच्या काळजीपेक्षा हे शेवटचं वाक्य जड होतं. ते आम्ही तेव्हा बाजूला ठेवलं, विसरलो नाही.

मुलीला विचारलं, "हेच का करायचंय?" तिने हवामान बदल, कार्बन, पुढची पिढी असं सांगितलं. सगळं खरं, पण व्हिडिओत ऐकलेलं. एवढ्याच प्रेरणेवर आलेली मुलं दुसऱ्या वर्षी स्ट्रक्चर आणि सर्व्हिसेसचे (इमारतीतलं पाणी, वीज वगैरे) विषय सुरू झाले की ढेपाळतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून प्रश्न बदलला. "कोणत्या इमारतीचा तुला स्वतःला त्रास होतो?" ती पटकन म्हणाली, "आमच्याच. वरच्या खोलीत उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत अभ्यासाला बसवत नाही. आजीच्या माळवदाच्या, मातीच्या छताच्या घरात मात्र भर दुपारी झोप लागते."

या क्षेत्रात टिकून राहिलेल्या माणसांची सुरुवात बहुतेक वेळा अशीच असते. कुणाला तापलेली खोली छळते, कुणाला टँकरची रांग. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते पाहिलेली मुलं आज छतावरच्या पाण्याचा हिशेब आपणहून मांडतात: 100 चौरस मीटर छत, 700 मिलिमीटर पाऊस, 20 टक्के वाया गेला तरी 56 हजार लिटर. त्रास ओळखीचा असला की त्याचं गणित कंटाळवाणं वाटत नाही.

पण त्रास होणं वेगळं आणि त्याचं कारण शोधावंसं वाटणं वेगळं. हे पारखायला तिला मे महिन्यात दोन आठवड्यांचं काम दिलं. दोन स्वस्त थर्मामीटर, एक वरच्या स्लॅबच्या खोलीत, एक आजीच्या माळवदात. खोलीच्या मध्यावर, जमिनीपासून चार फुटांवर टांगायचे. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी नोंद. सुरुवातीला तिने वरचा थर्मामीटर पश्चिमेच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला होता. तो खोलीच्या हवेपेक्षा भिंतच मोजत होता. आजीकडे दुपारी कूलर सुरू असायचा, त्या नोंदी बाद कराव्या लागल्या. हे दोन्ही घोटाळे तिने स्वतः पकडले, आणि आमच्या दृष्टीने हीच पहिली चांगली खूण होती.

वहीत दिसलं ते असं. स्लॅबची खोली सर्वांत जास्त तापत होती ती दुपारी नाही, संध्याकाळी, बाहेरची हवा उतरायला लागल्यावर. माळवदात पारा दिवसभर जेमतेम हलत होता. पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी तीच उष्णता खाली सोडतो. पंखा लावला तर ती गरम हवा अंगावर येते. दीड-दोन फूट मातीच्या थरातून उष्णता उतरायला इतका वेळ लागतो की तोवर रात्र झालेली असते. तिने पुढे विचारलं, "अर्ध्या स्लॅबवर चुना मारून बघू का?" हे काम आम्ही दिलेलं नव्हतं. स्लॅब झाडून-धुवून, रात्रभर भिजवलेल्या चुन्यात थोडा फेविकॉल घालून तिने दोन हात दिले. पांढऱ्या भागाखाली छताला हात लावला तर फरक कळत होता. चुना पावसात उतरतो, धुळीने काळवंडतो आणि दर उन्हाळ्यात पुन्हा मारावा लागतो, हेही वहीत आलं.

मग कागदावरचं काम. लातूरचे अक्षांश साधारण 18.4 अंश. 21 मार्चला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जवळपास 71.6 अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीला, अगदी वरच्या कडेला लागून, 16 इंची छज्जा पूर्ण सावली देतो. डिसेंबरात सूर्य 48 अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच खिडकीचा खालचा 30 इंच भाग उन्हात येतो, म्हणजे थंडीत हवं ते ऊन मिळतं. तिची खिडकी मात्र पश्चिमेला. मेच्या मध्यावर संध्याकाळी पाचला सूर्य सुमारे 24 अंशांवर असतो. तिने आकडे घातले आणि छज्जा आला नऊ फुटांचा! पश्चिमेला छज्जा कामाचा नाही, तिथे बाहेरून चिक (बांबूचा पडदा) किंवा झाड हवं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. त्रिकोणमिती कुठे लागते हे कळल्यावर मुलांचा चेहरा बदलतो.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या रॅट-ट्रॅप, म्हणजे मध्ये पोकळी ठेवलेल्या भिंतींचे व्हिडिओ तिने पाहिले होते. तीच भिंत गावातल्या गवंड्याबरोबर सिमेंट न लावता, नुसत्या विटा मांडून करायला सांगितली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करायच्या. 230 × 110 × 75 मिलिमीटरच्या विटेत दोन्ही अंगांना 75-75 आणि मध्ये 80 ची पोकळी राहते, विटा सुमारे पाव भागाने वाचतात. प्रत्यक्षात भट्टीच्या विटा लांबीला एकसारख्या नव्हत्या, आडवी वीट कुठे बाहेर येत होती, कुठे आत राहत होती. 190 × 90 × 90 ची मॉड्युलर वीट कडेवर ठेवून काही साधत नाही, हेही कळलं. गवंड्याने विचारलं, "ताई, लाइटचा पाइप कुठून नेणार? चौकट कशात बसवणार? मसाला पोकळीत पडला तर?" जोत्याला, खिडकीच्या तळाला, लिंटलला (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्ट्याला) आणि चौकटीच्या बाजूंना भिंत भरीव ठेवावी लागते. मसाला आत पडून पोकळी बुजू नये म्हणून थर घालताना तिच्यावर फळी ठेवतात. पाइपसकट ही सगळी उत्तरं तिने आठवडाभरात शोधली आणि गवंड्याला परत जाऊन सांगितली.

आता वडिलांचा प्रश्न. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जे घडलं, त्यांनी ते लहानपणी पाहिलेलं. त्यांची भीती खोडून काढायची नव्हती, कारण ती रास्त आहे. पण घरं पडली ती कशामुळे, हे वहीतच आकृती काढून मांडलं. जाड दगडी भिंत दोन अंगांची, मध्ये चुरा आणि माती, दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड नाही, वर माळवदाचं प्रचंड ओझं. हादऱ्यात दोन अंगं सुटली आणि छत खाली आलं. आरपार दगड, लिंटल पातळीवर सलग पट्टा, कोपऱ्यांची बांधणी आणि हलकं छत हे त्यावरचे उपाय आहेत. मातीच्या बांधकामासाठी आयएस 13827 आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी आयएस 13828 ही भारतीय मानकं 1993 चीच आहेत. गारवा ठेवून सुरक्षित घर बांधायचं तर न शिकता भागत नाही. वडील बराच वेळ आकृतीकडे बघत होते. मग म्हणाले, "हे तवा कुणाला माहीत असतं तर."

कमाईचं बोलणं त्यानंतर सोपं गेलं. मातीची घरं हा या क्षेत्राचा छोटा भाग आहे. जास्त नोकऱ्या आहेत त्या ग्रिहा आणि आयजीबीसी या हरित इमारतींच्या मानांकनांची कागदपत्रं, साइटवरचे पुरावे, इमारतीच्या ऊर्जावापराचं संगणकावरचं सिम्युलेशन आणि एसी-प्रकाशयोजनेची आखणी यांत. मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता 2007 पासून आहे, निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता 2018 पासून. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने मोठी निवासी संकुलंही त्याच्या कक्षेत आली. राज्यं जसजशी नियम लागू करतील तसतसं काम वाढेल. तरीही आर्किटेक्चरमध्ये पहिली काही वर्षं पगार कमीच असतो. घरच्यांनी हे धरूनच बेत करावा. कर्ज काढणार असाल तर हप्ता पहिल्या पगारावर बेतू नका.

एक धोका ठासून सांगावा लागतो. 'सस्टेनेबल आर्किटेक्चर'चे काही महिन्यांचे ऑनलाइन कोर्स करून कुणी आर्किटेक्ट होत नाही. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार नावापुढे 'आर्किटेक्ट' लावायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त पाच वर्षांचा बी.आर्क. कॉलेज निवडताना त्या वर्षाची मान्यता आणि मंजूर जागा कौन्सिलच्या यादीत बघायच्या, कॉलेजच्या माहितीपत्रकात नाही.

तिने नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा द्यायचं ठरलं. गुण कमी पडले तर सिव्हिल, आणि नंतर इमारतींच्या ऊर्जा-कामगिरीवर पदव्युत्तर शिक्षण. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात ते मिळतं आणि इंजिनिअरही तिथे जातात. वडिलांची एकच अट होती: पहिल्या सुट्टीत तिने दुकानामागच्या गोदामाचा पत्रा किती तापतो ते मोजून द्यायचं, तिथे ठेवलेली औषधं उन्हाने खराब होतात.