महासाथीनंतरचे कार्यालय : काय ठेवावे, काय काढावे?

प्रश्न : आमच्या कार्यालयात चाळीस जण आहेत, परंतु महासाथीनंतर प्रत्येक जण आठवड्यातून दोन-तीन दिवसच येतो. आता जागेची नव्याने मांडणी करायची असून प्रत्येकाचे स्वतंत्र टेबल काढून सामायिक टेबले ठेवावीत, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का? टेबलांवरील पारदर्शक पडदे ठेवावेत का? आणि खर्च प्रथम कशावर करावा?

उत्तर : पडदे काढून टाकावेत. २०२० च्या आरंभी खोकल्या-शिंकेतून उडणारे थेंब आणि पृष्ठभागांचा स्पर्श याच संसर्गाच्या मुख्य वाटा मानल्या जात असल्यामुळे ते घाईने बसवले गेले. विषाणू हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतूनही पसरतो हे स्पष्ट झाल्यावर मात्र त्यांचे महत्त्व ओसरले, कारण हे कण पडद्याला वळसा घालून पलीकडे जातात आणि दाटीने लावलेल्या पडद्यांमुळे हवा खेळती राहण्यासही अडथळा येऊ शकतो.

म्हणून पहिला खर्च हवेवर करावा. वायुवीजन क्षेत्रातील अमेरिकी संस्था ‘आश्रे’ हिने २०२३ मध्ये हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, यावरून या विषयाला आलेले महत्त्व लक्षात येईल. आपण निदान कार्बन डायऑक्साइड मोजणारे साधे उपकरण बैठकीच्या खोलीत ठेवून पाहावे. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. बैठक चालू असताना ते सतत १,००० च्या वर राहत असेल, तर तेथे माणसांच्या मानाने ताजी हवा कमी पडते आहे, असे समजावे.

सामायिक टेबलांचा सल्ला सशर्त मानावा. टेबलांची संख्या सरासरी उपस्थितीवरून ठरवणे ही नेहमी होणारी चूक आहे, कारण लोक आठवड्यातील काही ठरावीक दिवशीच अधिक संख्येने येतात आणि सकाळी येऊन जागा शोधत फिरावे लागले, तर कार्यालयात येण्याचा हेतूच हरवतो. सर्वाधिक गर्दीचा दिवस धरून आकडा ठरवावा आणि प्रत्येकाला स्वतःचा लॉकर द्यावा. खुर्ची सामायिक झाली की तिची जबाबदारीही वाढते : पूर्वी एकदा जुळवलेली खुर्ची आता रोज नव्या माणसासाठी जुळवावी लागते. त्यामुळे उंची, पाठीचा कल आणि हातांचा आधार बसल्या जागी, कोणाला न विचारता बदलता येईल अशीच खुर्ची निवडावी.

येथे थोडा इतिहास आठवणे उपयुक्त ठरेल. १९६८ मध्ये अमेरिकी संकल्पक रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी टेबलांभोवती हलवता येणाऱ्या आडोशांची जी रचना बाजारात आणली, तिचा हेतू माणसाला मोकळेपणा आणि खासगीपणा दोन्ही मिळावेत हा होता. परंतु कंपन्यांनी कमी जागेत अधिक माणसे बसवण्यासाठी तिचे चौकोनी कप्पे करून टाकले. सामायिक टेबलांचेही केवळ भाडे वाचवण्याचे साधन होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आवाजाचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा बिकट झाला आहे, कारण घरून काम करणाऱ्या सहकाऱ्यांशी प्रत्येक जण दिवसभर संगणकाच्या पडद्यावर बोलत असतो. ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांच्या २०१८ मधील अभ्यासात, खुल्या मांडणीत स्थलांतर झाल्यावर कर्मचाऱ्यांचा समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. म्हणजे भिंती काढल्या की संवाद आपोआप वाढतो, हे गृहीतक महासाथीपूर्वीच डळमळीत झाले होते. बारा जणांच्या एका मोठ्या खोलीऐवजी दोन ते चार जणांच्या छोट्या खोल्या आणि एकट्याने बोलण्यासाठी एक-दोन ध्वनिरोधक कक्ष ठेवावेत. कक्षात हवा बदलणारा पंखा आहे ना, हे खरेदीपूर्वी आत काही वेळ बसून तपासावे. दूरस्थ सहकारी सहभागी होतात त्या खोलीत लांबट टेबल टाळावे, कारण त्याच्या टोकाला बसलेले चेहरे कॅमेऱ्यात फार लहान दिसतात. दूरस्थ सहकारी दिसतात त्या पडद्याच्या बाजूला रुंद होत जाणारे टेबल तेथे अधिक सोयीचे ठरते.

उंची बदलणारी टेबले सर्वांसाठी घेण्याची गरज नाही. काही घेऊन त्यांचा वापर पाहावा आणि पुढची खरेदी त्यावरून ठरवावी.